टिटवीची तीन अंडी

एका राज्यात, डोंगराच्या ओंजळीत मावेल एवढ्याशाच राज्यात, मदनपाळ नावाचा राजा होता. त्याची राणी कांतिमती, आणि दोघांची एकुलती एक लेक केतकी. राज्यात एक तळं होतं. त्याचं पाणी जो पिई त्याला आपलं लहानपण आठवे, म्हणून म्हातारेकोतारे तिथं सकाळ-संध्याकाळ ओंजळी भरत बसलेले असत. बाकी राज्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं. सैन्य म्हणाल तर दसऱ्याच्या मिरवणुकीला शोभेल एवढं. घोडे म्हातारे आणि स्वार घोड्यांहून म्हातारे.

डोंगराखाली सपाट मुलूख पसरला होता, तो सगळा प्रचंडसेन राजाचा. त्याच्या फौजेचं तोंड सकाळी एखाद्या गावातून गेलं, तर शेपूट जाईपर्यंत दिवेलागण व्हायची. हत्ती तर इतके, की ते एकदम पाणी प्यायला उतरले तर नदी गुडघ्यावर यायची. आजूबाजूची राज्यं त्यानं एकेक करून गिळली होती. आता उरलं होतं हे एवढंसं.

एके सकाळी त्याचा वकील भालेराय दरबारात आला. मिशा कोपरापर्यंत. मुजरा नाही, रामराम नाही.

"आमच्या महाराजांना तुमचं तळं हवं आहे," तो म्हणाला, "आणि तुमची लेक. महाराजांच्या आईसाहेबांना पंखा घालायला चांगल्या घरची मुलगी लागते."

मदनपाळ राजा सिंहासनावरून उठला आणि पुन्हा बसला. उठून करणार काय?

राणी म्हणाली, "पाऊसकाळ सरू द्या. मग उत्तर देऊ."

"द्या की," वकील हसला. "तेवढ्यात पळायला तुम्हाला जागा तरी कुठं आहे?"

तो गेल्यावर राणीनं केतकीच्या केसांवरून हात फिरवला, डोकीवर पदर घेतला आणि एकटीच डोंगराच्या पलीकडे निघाली. तिथं भस्मनाथ नावाचा जोगी राहत होता. त्याच्याजवळ एक शापित ठेव आहे, असं म्हणायचे. राजे ती मागायला जात आणि पाहूनच परत येत.

राणी चालली चालली. ढग तिच्या घोट्याशी खेळत होते. जिथं वाट संपली तिथं राखेची एक झोपडी होती, आणि दारात जोगी बसला होता.

"काय हवं?"

"शत्रू."

"मारायचा की अडवायचा?"

"अडवायचा."

जोग्यानं टोपलीवरचं फडकं काढलं. आत अंडी होती. मातकट रंगाची, वर काळे ठिपके, टिटवीची असतात तशीच. पण टोपलीभोवतीची हवा थरथरत होती, उन्हाळ्यात माळावर थरथरते तशी.

"अग्निटिटवीची अंडी आहेत," जोगी म्हणाला. "एक फुटलं की एक नगर नाही. ने टोपलीभर."

"तीन पुरेत."

"त्याचे हत्ती मोजता यायचे नाहीत, आणि तुला तीन पुरेत?"

"हत्तींशी मला काय करायचं आहे बाबा? त्याला राजधानी एकच आहे. आणि टोपलीभर मला राखायची नाहीत."

जोगी हसला. त्याच्या दाढीतून थोडी राख खाली पडली.

"मागायला येणाऱ्यात शहाणी निघालीस. पण तीन कामं करावी लागतील. जाताना जळक्या माळावरून जा आणि डोळे उघडे ठेवून जा. मग ही अशी ठेव, की शत्रूला सगळी कधीच सापडायची नाहीत. आणि मग शत्रूला सांग. त्याला पटेल असं सांग, पण खऱ्याहून एक शब्द जास्त नको. यातलं एक जरी चुकलं तरी तुझी अंडी तुझ्यावरच फुटतील."

"आणि शाप?"

"ज्या घराची ही अंडी, त्या घरातून झोप निघून जाईल."

राणी थबकली. "उतारा?"

"माझ्याकडे नाही. ज्याच्या भीतीनं तू ही नेतेस, त्याच्याकडे आहे."

"तो देईल?"

"आपल्याकडे आहे हेच त्याला ठाऊक नाही," जोगी म्हणाला, आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

राणीनं तीन अंडी ओच्यात घेतली. तशी झोपडीच्या आढ्यावरून एक टिटवी उतरली आणि तिच्या पुढं तुरुतुरु चालू लागली.

"तू कुठं गं?"

"अंडी माझी आहेत बाई," टिटवी म्हणाली. "ती जातील तिथं मी, आणि मी जाईन तिथं माझं सगळं गणगोत."

जळका माळ लागला. तिथं वारा होता, पण त्याला आवाज नव्हता. तिथं माणसं नव्हती, पण सावल्या होत्या. जमिनीवर, भिंतींवर, आडाच्या कठड्यावर त्या जिथल्या तिथं राहिल्या होत्या. एक सावली जात्यावर वाकलेली होती. राणी तिच्याशेजारी बसली.

"बाई, इथं काय झालं?"

"मी पीठ काढत होते," सावली म्हणाली. "उजेड पडला. एवढंच मला ठाऊक आहे."

"मग जिंकलं कोण?"

"एक राजा आला होता बघायला. सोन्याचे जोडे घालून आला आणि अनवाणी पळाला. त्याला इथलं काही नेता आलं नाही. मूठभर मातीसुद्धा नाही." मग सावलीनं हळूच विचारलं, "बाई, माझा लेक अंगणात खेळत होता. तिकडं त्याची सावली दिसते का बघाल?"

राणीनं अंगणात पाहिलं. ती होती. राणीनं तसं सांगितलं. मग ओच्यावर दोन्ही हात धरून ती माळ ओलांडून गेली. त्या दिवसापासून राणी 'अंडी' हा शब्द तोंडातून काढीत नसे.

घरी आल्यावर राजा म्हणाला, "लोखंडी तळघरात ठेवू. सात कुलपं लावू."

टिटवी इतकी हसली की एका पायावरून दुसऱ्या पायावर गेली.

"राजा, त्याचा पहिला हत्ती त्या तळघराच्याच भिंतीला डोकं लावील! आम्ही काय करतो, ठाऊक आहे? घरटंच बांधत नाही. उघड्या माळावर, गोट्यांत अंडं ठेवतो. गुरं शेजारून चरून जातात, त्यांना दिसत नाही."

टिटवीचं गणगोत आलं आणि तीन अंडी तीन दिशांच्या माळांवर घेऊन गेलं. गोट्यांत गोटा. कोणता माळ, कोणता दगड, ते राजाला ठाऊक नाही, राणीला ठाऊक नाही. ठरलं एवढंच, की राजानं गच्चीवरून एक शीळ घातली की टिटव्या अंडी पायांत उचलतील आणि प्रचंडसेनाच्या नगरीवर सोडून येतील.

आणि त्याच दिवसापासून वाड्यातली झोप गेली. उशाशी बसलेलं मांजर उठून जावं, तशी गेली.

पाऊसकाळ सरला. प्रचंडसेनाचे हत्ती डोंगराच्या पायथ्याशी येऊन उभे राहिले. भालेराय वकील उत्तर न्यायला आला. राणीनं आधी त्याला जळक्या माळाच्या कडेला नेऊन उभं केलं. मग दरबारात आणलं. एक टिटवी अंडं घेऊन आली आणि चौकातल्या घंगाळाच्या काठावर उतरली. घंगाळातलं पाणी उकळू लागलं. वकिलाच्या मिशा टोकापासून आखडत आखडत नाकाखाली येऊन बसल्या. टिटवी आली तशी निघून गेली.

राणी म्हणाली, "आमच्या तळ्याला आणि आमच्या लेकीला हात लागला नाही, तर हे जन्मभर गोट्यांत पडून राहील. आपण होऊन आम्ही उचलणार नाही. हात लागला, तर तुमच्या नगरीवर येईल."

"अशी किती आहेत?" वकिलानं विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"तीन."

"तीनच?" त्याला जरा धीर आला. "आणि आम्ही दोन शोधून काढली तर?"

"तर एक राहील," राणी म्हणाली.

पुढं प्रचंडसेनाच्या दरबारात काय झालं, ते टिटवीनं पन्हाळीवर बसून ऐकलं आणि येऊन राणीला सांगितलं. सेनापती म्हणाला, महाराज, एका झडपेत तिन्ही उचलतो. राजानं विचारलं, एक राहिलं तर? सेनापतीनं तलवार परत म्यानात घातली. मग दरबारचा मांत्रिक पुढं झाला. म्हणाला, नगरीवर आभाळाएवढं जाळं विणतो, पाखरू आत यायचं नाही. राजा म्हणाला, एक भोक राहिलं तर? राहणार नाही महाराज. राहिलं तर? मांत्रिकानं जाळ्याचा दोरा परत गुंडाळला.

"मग?" राणीनं विचारलं.

"मग राजा खिडकीशी गेला," टिटवी म्हणाली. "खाली त्याची म्हातारी आई तुळशीला पाणी घालत होती. तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, मी जिंकेनच. पण जिंकून मिळणार एक तळं, आणि डावावर लावणार हे अंगण. माघारी बोलवा हत्ती."

हत्ती माघारी गेले. राज्यात गुढ्या उभ्या राहिल्या. म्हातारे घोडे उगीचच खिंकाळले.

पण वाड्यात झोप नव्हती. राजा रात्ररात्र गच्चीवर फेऱ्या घाली. राणीला दव पडल्याचा आवाज येऊ लागला, कळी उमलल्याचा आवाज येऊ लागला. दिवस आणि रात्र एकमेकांत मिसळून दुधात पाणी घातल्यासारखी झाली. मोठ्यांनी सोसलं. पण केतकीचं काय? तिचे डोळे मोठे होत गेले आणि ती लहान होत गेली. तिची सावली धुऊन धुऊन विरलेल्या ओढणीसारखी पातळ झाली. एकदा तिनं विचारलं,

"आईसाहेब, स्वप्न कसं असतं? मी विसरले. दाईचा नातू म्हणतो, त्याला पडलं."

राणीनं तिला पोटाशी धरलं. दुसऱ्या दिवशी टिटवीला गाठून म्हणाली, "घेऊन जा बाई तुझी ठेव. लेक विरघळत चालली माझी."

"नेते की," टिटवी म्हणाली. "आज नेते. उद्या हत्ती येतील. मग लेक पंखा घालायला जाईल. सांग, उचलू?"

राणीला उचल म्हणवेना आणि राहू दे म्हणवेना. तशीच ती चुलीपुढं बसून राहिली.

असे दिवस जात असता एका दुपारी नगारे वाजले. ते लढाईचे नगारे होते. राजा गच्चीवर धावला, मागून राणी धावली. खाली सरहद्दीच्या नदीवर हत्तीच हत्ती. सगळ्यांची गंडस्थळं शेंदरानं लाल. नदीचं पाणी लाल झालेलं.

"आला," राजा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत किती महिन्यांची जाग तांबारली होती. "शब्द मोडला त्यानं. आता बघत बसलो तर टिटव्या उठायच्या आतच हत्ती माळ तुडवतील."

त्यानं दोन बोटं तोंडाशी नेली. राणीनं आपला तळवा त्याच्या ओठांवर दाबला.

"थांबा. मी विचारून येते."

"विचारून येतेस? हत्ती नदीत उभे आहेत आणि तू विचारून येतेस?"

"मी जळका माळ पाहिला आहे. तुम्ही पाहिला नाही." ती म्हणाली. "सूर्य डोंगराआड जाईपर्यंत मी परत आले नाही, तर घाला शीळ."

"आणि तू तिथंच असलीस तर?"

"तर मीही तिथंच असेन," राणी म्हणाली, आणि जिना उतरली.

ती अनवाणी नदीवर आली. कुणी भाला उगारला नाही. माहूत बाजूला झाले. मधोमध, गुडघाभर पाण्यात, धोतर खोचून एक दांडगा माणूस हत्तीच्या इवल्याशा पिलाला विटेनं घासत होता. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

"प्रचंडसेन महाराज कुठं आहेत?"

"बोला. मीच आहे," तो म्हणाला. "पलीकडचा कान धरा जरा. पिलू फार वळवळतं."

राणीनं कान धरला. "महाराज, हे नगारे कसले?"

"कसले म्हणजे? आमची पट्टहत्तीण व्याली. तिच्या पिलाची आज पाचवी. आमच्या घराण्यात हत्तीच्या पिलाची पाचवी वाहत्या पाण्यावर पुजतात. सगळे हत्ती शेंदूर लावून आणायचे, आणि नगारे लढाईचेच लावायचे, म्हणजे पिलू पुढं नगाऱ्याला बुजत नाही. आजोबा-पणजोबांपासून चालत आलं आहे."

राणी तिथंच, पाण्यातल्या धोंड्यावर बसली.

"आणि आम्हाला कळवलं नाहीत?"

"पाचवीचं काय कळवायचं? घरचं कार्य आहे."

"महाराज," राणी म्हणाली, "माझे यजमान गच्चीवर उभे आहेत. दोन बोटं तोंडात घालून. सूर्य डोंगराआड गेला की ते शीळ घालणार आहेत."

प्रचंडसेनाच्या हातातली वीट पाण्यात पडली. त्यानं डोंगराकडे पाहिलं. सूर्य भाल्याच्या फाळाएवढाच वर राहिला होता. मग त्यानं आपल्या नगरीकडे पाहिलं. तिथं दिवे लागायला सुरुवात झाली होती.

"नगारे बंद!" तो ओरडला. "हत्तीवर हौदा चढवा, राणीसाहेबांना पोचवून या!"

"हत्ती नको!" राणी म्हणाली. "हत्ती चढताना दिसला की सूर्य बुडायचीही वाट बघायचे नाहीत ते. तुम्ही चला. पायी. माझ्याबरोबर."

"एकटा? तुमच्या गडावर?"

"मी आले ना एकटी, तुमच्या हत्तींत?"

तो पाण्याबाहेर आला. "काय घेऊन येऊ?"

राणीला हसू आलं, किती महिन्यांनी आलं. "पाचवी आहे ना तुमच्याकडे? शेजाऱ्याला बोलवायला जाताना माणूस काय नेतं? अक्षत घ्या."

पूजेच्या ताटातल्या मूठभर अक्षता घेऊन तो महाबलाढ्य राजा ओल्या धोतरानं चढण चढू लागला. पुढं राणी, मागं तो. चढता चढता धापा टाकत म्हणाला,

"राणीसाहेब, त्या अंड्यांचं कळल्यापासून मला झोप नाही. आभाळात कावळा उडाला तरी मी दचकतो. तुम्ही तरी सुखानं झोपत असाल."

राणी वळली. "आम्ही? महाराज, माझी लेक स्वप्न कसं असतं तेही विसरली."

प्रचंडसेन वाटेतच उभा राहिला. "म्हणजे ज्याच्याकडे आहेत त्यालाही नाही, आणि ज्याच्याकडे नाहीत त्यालाही नाही?"

"चला," राणी म्हणाली. "सूर्य बघा."

गच्चीवर राजा मदनपाळ उभा होता. सूर्याची तळची कड डोंगराला टेकली. त्यानं बोटं ओठांशी नेली. नगारे थांबले होते, पण थांबलेले नगारे तर आणखीच भयंकर. एवढ्यात त्याला उतारावर दोन माणसं दिसली. त्यातली एक आपली राणी. दुसरा एक ओलाचिंब माणूस, हातात शस्त्र नाही, मूठ मात्र वर धरलेली, काहीतरी सांडू नये म्हणून जपत चाललेला. राजानं बोटं खाली घेतली आणि जिन्यावरून धावत सुटला.

उंबऱ्याशी गाठ पडली. प्रचंडसेनानं मूठ उघडली. अक्षता घामानं हाताला चिकटल्या होत्या.

"उशीर झाला," तो म्हणाला. "बोलावणं आधी द्यायला हवं होतं. चूक माझी. हत्तिणीच्या पिलाची पाचवी आहे, जोडीनं यायचं. लेकीला घेऊन."

मदनपाळानं अक्षता घेतल्या.

"आम्ही शीळ घालणार होतो," तो म्हणाला.

"ठाऊक आहे."

"घातली असती तर..."

"तेही ठाऊक आहे."

तिघंही ओसरीवर बसले. तिथंच ठरलं. नगारा वाजायचा असेल तर आधी अक्षत यायची, मग कार्य हत्तीचं असो की माणसाचं. गडावर होळी पेटायची असेल, दिवाळीचे बाण उडायचे असतील, तर खाली अक्षत जायची. हत्ती डोंगराखाली राहतील. अंडी गोट्यांत राहतील. तळ्याचं पाणी प्रचंडसेनाच्या आईसाठी रोज एक घागर जाईल, मागितलं म्हणून नाही, म्हातारी आहे म्हणून.

केतकी आईच्या मांडीशी येऊन बसली होती. बोलणं चाललं असतानाच तिनं तोंड उघडलं आणि एवढी मोठी जांभई दिली की ती स्वतःच घाबरली.

"आईसाहेब, हे काय झालं मला?"

राणी उत्तर देणार, तोच प्रचंडसेनानं जांभई दिली. मग मदनपाळानं दिली. भिणारा आपल्या पायांनी भिववणाऱ्याच्या उंबऱ्यात आला आणि भिववणाऱ्यानं त्याला ओसरीवर घेतलं, तिथंच शाप तुटला. गेलेली झोप दारातून आत आली, तिनं सगळ्यांना हुंगून पाहिलं, आणि ती एकेकाच्या डोळ्यांवर बसली. प्रचंडसेन खांबाला टेकून घोरू लागला. मदनपाळ बसल्या जागी कलला. नदीवर माहूत हत्तींच्या पायांशी झोपले, हत्ती उभ्यानं झोपले, पिलू आईच्या पोटाखाली झोपलं.

राणी तेवढी थोडा वेळ जागी राहिली. केतकीच्या पापण्यांखाली काहीतरी हलत होतं. तिला किती महिन्यांनी स्वप्न पडत होतं. ते पुरतं पडेपर्यंत राणीनं मांडी हलवली नाही. मग तिचेही डोळे मिटले.

ती अंडी अजून त्याच माळांवर आहेत. कुणी म्हणतं, शाप तुटला तेव्हाच ती गार झाली, आता नुसते गोटे आहेत. कुणी म्हणतं, अजून तशीच धगधगीत आहेत. टिटवीला विचारलं तर ती एका पायावरून दुसऱ्या पायावर जाते आणि बोलत नाही. फोडून बघावं, असं आजवर कुणाच्या मनात आलेलं नाही.

केतकीची सावली दाट झाली. ती उंच झाली, रंगानं उजळली, राज्याची वारस म्हणून पाटावर बसली. पुढं वाड्यात पाळणा हलला, मग आणखी एक हलला. तळं भरलेलं राहिलं. मदनपाळ आणि कांतिमतीचे केस पांढरे झालेले नातवंडांनी पाहिले. आणि त्या वाड्यात ऊन अंगणभर पसरलं तरी कुणी कुणाला उठवीत नसे.